चांद्या कुठे निजतो?

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी ‘जुन्या घराची डागडुजी’ असं सांगून मोकळा झालो. पत्रिकेवर तसंच छापलंय. पण डागडुजीतलं मला जे काही कळलं त्यातलं निम्मं गवंड्याकडून आणि निम्मं आमच्या चांद्याकडून. तो बाहेर पायरीवर बसलाय. येताना ज्यांच्या चपला त्याने हुंगल्या त्यांची आधीच माफी मागतो.

मुंबईत पोस्टात ३५ वर्षं काढून मी इथे देवगडात, गावच्या घरी आलो. चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर, पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे न्हाणी. मधली बरीच वर्षं कुलूप. बंद घराचं काय होतं ते इथे कुणाला सांगायला नको. मी आलो त्याच पावसात चांद्याही आला. गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, कुणीतरी सोडलेलं गावठी पिल्लू, कपाळावर पांढरा ठिपका. आणि मी पक्का चाकरमानी! पहिल्याच हिवाळ्यात कामं काढली. पडवीत चकचकीत लादी. गवंडी म्हणाला, “नानानू, लादी घाला, पण कुत्रो खंय निजता तां आधी बघा.” मला वाटलं, थट्टा करतोय.

मे महिन्यात चांद्या लादीवर पोट टेकून पडायचा, तेव्हा मी गवंड्याला मुद्दाम बोलावून दाखवलं. तो काही बोलला नाही. पाऊस तोंडावर आला, हवा दमट झाली आणि लादीला घाम फुटला. गार गुळगुळीत पृष्ठभागावर हवेतली वाफ पाणी होऊन बसते, ते पाणी लादी पीत नाही. सारवलेली जमीन पिते. चांद्याने पडवी सोडली आणि न्हाणीच्या चुलीपाशी राखेत मुक्काम हलवला. चौथ्या दिवशी आमच्या मंडळी त्या लादीवरून घसरल्या. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये. ते सहा आठवडे भांडी मी घासली, म्हणून आकडा पक्का लक्षात आहे. दिवाळीनंतर लादी उखडली आणि खडबडीत कोबा केला.

ओटीच्या भिंतीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्यापैकी निदान चार घरांत तोच आजार मी पाहिलाय. भिंतीला खालून हातभर ओल यायची. मी सिमेंटचा गिलावा केला, वर महागाचा रंग लावला. पुढच्या पावसात ओल कमरेपर्यंत चढली आणि रंगाचे पापुद्रे सुटले. पुन्हा गिलावा, पुन्हा तेच. चिरा हा छिद्राछिद्रांचा दगड. खाणीत असतो तेव्हा मऊ, सहज तासता येतो, हवा लागली की घट्ट होतो. फ्रान्सिस बुकानन या कंपनी सरकारच्या डॉक्टरने केरळात तो पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटराइट म्हटलं; लॅटिनमध्ये ‘लाटेर’ म्हणजे वीट. हा दगड पाणी पितो आणि वारा-ऊन लागलं की सोडतो. त्याचं तोंड आपण सिमेंटने लिंपलं की पाणी बाहेर पडायची वाट शोधत वर चढतं. हे मला पुढे कळलं. पण मुळात पाणी येत होतं कुठून?

ते चांद्याने दाखवलं. रोज संध्याकाळी तो जोत्याच्या आग्नेय कोपऱ्यात नाक खुपसायचा, पायांनी माती उडवायचा. मी ओरडायचो, खड्डा बुजवायचो. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा उकरायचा. महिनाभर आमची ही कुस्ती चालली. शेवटी वैतागून पहार घेतली, म्हटलं बघू तरी एकदा काय आहे ते. घुशीचं बीळ! जोत्याखालून ओटीपर्यंत गेलेलं, चांगलं हात जाईल एवढं. पागोळ्यांचं सगळं पाणी त्या कोपऱ्यात उतरत होतं आणि बिळातून थेट भिंतीच्या पायात जात होतं. दोन वर्षं मी वर रंग फासत होतो. बीळ दगड-मातीने ठोकून भरलं, पागोळीखाली उताराची पन्हळ काढली, आतला सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा केला. भिंत सुकायला एक अख्खा उन्हाळा गेला. घूस कुठे गेली ते चांद्याला माहीत असेल.

छपराबद्दल थोडक्यात सांगतो. २०२१च्या मेमध्ये तौक्ते वादळाने आमची निम्मी कौलं उडवली. उरलेली फोडायला माकडं होतीच. मी कंटाळून मागच्या खोलीवर पत्रा घातला. त्या जुलैत पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की चांद्या खाटेखाली थरथरत बसायचा, आणि मेमध्ये त्या खोलीकडे फिरकायचाही नाही. पत्र्याखाली आता लाकडी माळा घातलाय, आवाज आणि उष्मा दोन्ही कमी झालेत. पत्रा वाईटच असं मी म्हणणार नाही. आपलं मंगलोरी कौल तरी कुठे आजोबा-पणजोबांचं? बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला, त्यानंतर ते इकडे पसरलं. त्याआधी नळ्यांची कौलं होती, नाहीतर गवताचं छप्पर.

आता फिरण्याचं. सकाळी साडेपाचला चांद्या माझी काठी दातात धरून उभा असतो. पाणंदीतून वर चढायचं, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, एक फेरी, आगराकडून खाली. मुंबईत मी कधी चाललो नाही, धावलो. तेही आठ-दहाची लोकल पकडायला. या पाणंदीत मी गडगे बघायला शिकलो. नुसते दगडावर दगड, ना माती ना सिमेंट, आणि कितीही झड लागली तरी उभे. मी हौसेने बांधलेलं पक्कं कुंपण पहिल्याच मोठ्या पावसात आडवं झालं होतं. मागे तुंबलेल्या पाण्याला वाटच नव्हती. गडग्यातून पाणी झिरपून जातं. आता माझ्या कुंपणाच्या तळाशी हात-हात अंतरावर भोकं ठेवलीत.

सडा पावसात पाहावा. जुलैत दीपकाडीची पांढरी फुलं, पुढे सीतेच्या आसवांची निळी चादर. या असल्याच कातळांवर उक्षी, कशेळी, कुडोपी इथे कोरलेली कातळशिल्पं आहेत; २०२२ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. चांद्याला त्यात रस नाही. त्याचं लक्ष दगडांखाली. आणि तिथेच माझा जीव वर-खाली होतो, कारण दगडाखाली फुरसं असतं. अंग अंगावर घासून करकर आवाज करतं, तो ऐकू आला की मी दोरी खेचतो. सड्यावर मी त्याला कधी मोकळा सोडत नाही. उन्हाळ्यात कातळावर आधी हाताची पालथी बाजू टेकून बघतो. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसत नाही.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या. आणि कुणाला कुत्रा चावला तर हळद-चुना लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. लशीचे सगळे डोस पुरे करा, दोन घेऊन थांबू नका.

सध्या घरात एकच काम चालू आहे. पुढच्या दाराच्या पायऱ्या उंच आहेत. चांद्या आता दहा वर्षांचा झाला, चढताना मागचे पाय अडखळतात. माझे गुडघे तर त्याच्याही आधीपासून. तेव्हा मध्ये दोन बुटक्या पायऱ्या घालतोय. चिरे येऊन पडलेत, गवंडी सोमवारी येतो म्हणालाय, म्हणजे गुरुवारी येईल.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. फक्त लवकर विचारा. गेल्या महिन्यात खालच्या वाडीतून वाघाने, म्हणजे बिबट्याने, दोन कुत्रे उचलले, बिबट्याला कुत्र्याची चटक असते हे तुम्हाला माहीत आहे. काळोख पडायच्या आत मला चांद्याला सड्यावरून घरी न्यायचंय.