चार आण्याचा माणूस

नमस्कार श्रोतेहो.

कुणाला हलकं ठरवायचं झालं की आपली मराठी आधी पैशाच्या पिशवीत हात घालते. दिडदमडीचा, कवडीमोलाचा, चिल्लर. रुपयाचे सोळा आणे हा हिशेब १९५७ साली दशमान नाणी आली तेव्हाच संपला. पंचवीस पैशांचं नाणंसुद्धा ३० जून २०११ नंतर चलनातून गेलं. तरी ज्या मुलांनी पावली डोळ्यांनी पाहिलेली नाही, तीही ‘चार आण्याची अक्कल नाही’ असं सहज बोलून जातात. सटरफटर, टुकार, भंगार, सोम्यागोम्या हे शब्दही रोजचेच. त्यांच्याशी माझं भांडण नाही. टुकार नाटकाला टुकार म्हणायलाच हवं.

पण ‘छपरी’ या शब्दाशी माझं भांडण आहे. एखाद्या पोरानं केसांच्या बटा सोनेरी केल्या, रस्त्यावरचा गॉगल लावला, मित्राच्या बाइकवर बसून रील काढलं, की खाली लगेच ‘छपरी’ लिहून येतं. टुकार म्हटलं तर निदान कामाला नाव ठेवलं जातं. छपरी म्हटलं की त्याचं घर, त्याची वस्ती, त्याच्या अंगावरचे स्वस्तातले कपडे, सगळंच निघतं. आणि छप्परबंद नावाची खरीखुरी जमात आपल्या महाराष्ट्रात आहे. विमुक्त जातींच्या सरकारी यादीत तिचं नाव आहे. छपरं शाकारणाऱ्या या लोकांवर इंग्रज अमलात गुन्हेगार जमात म्हणून शिक्का बसला. हा शिक्का मारणारा कायदा १९५२ साली रद्द झाला. त्या घरातल्या मुलीला वर्गात हा शब्द कसा ऐकू येत असेल? मी तो वापरत नाही, आणि माझ्यासमोर कुणी वापरला तर टोकतो.

याउलट ‘लिंबूटिंबू’ किती मायेचा! धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. आउट झालं तरी पुन्हा बॅट त्याच्याच हातात. क्रिकेटच्या बातम्यांनी हा शब्द दुबळ्या संघांना लावला. १९९६ च्या विश्वचषकात केनियाचा संघ असाच लिंबूटिंबू होता. २९ फेब्रुवारीला पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर त्यांनी १६६ धावा केल्या आणि वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं. समोर ब्रायन लारा होता, रिची रिचर्डसन होता, आणि सामना केनियानं ७३ धावांनी जिंकला.