ब्रॉन्झवरची फिकट हिरवी पूड

कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटीशी ब्रॉन्झची मूर्ती आहे. १९४०च्या दशकात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीला सापडलेली, रोमन जगातून व्यापाराबरोबर इथवर आलेली. जमिनीत शतकानुशतकं टिकलेल्या अशा वस्तूंचा खरा त्रास बऱ्याचदा बाहेर काढल्यावर सुरू होतो.

सगळा हिरवा रंग वाईट नसतो बरं का. गडद, गुळगुळीत, घट्ट बसलेला हिरवा थर म्हणजे पॅटिना, तो राहू द्यायचा. भीती असते ती फिकट हिरव्या, पिठासारख्या ठिपक्यांची, बोट लावलं तर हाताला येते ती पूड. याला ब्रॉन्झ डिसीज म्हणतात. मातीतल्या मिठाचं क्लोराइड धातूत शिरून बसलेलं असतं, हवा आणि ओल मिळाली की त्याची पूड बनते, सोबत ॲसिड सुटतं, ते ब्रॉन्झमधलं तांबं खातं, त्यातून परत क्लोराइडचं संयुग तयार होतं आणि हे असंच चालू राहतं.

म्हणून घरच्या तांब्यासारखं चिंच-मीठ लावून घासायचं अजिबात नाही, आधीच मिठाने आजारी पडलेल्या वस्तूला आपण अजून मीठ चोळतोय! शिवाय मूर्तीचे बारीक तपशील, कधी तिला गुंडाळलेल्या कापडाची वीणसुद्धा, त्या गंजाच्या थरातच टिकलेली असते, थर गेला की तेही गेलं.

कॉन्झर्व्हेटर, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणारे तज्ज्ञ, मायक्रोस्कोपखाली स्कॅल्पेलच्या (शस्त्रक्रियेच्या बारीक सुरीच्या) टोकाने एकेक ठिपका कोरतात, लालसर थराखाली मेणासारखा करडा पदार्थ दिसला की समजायचं क्लोराइड इथेच आहे. मग सहसा अल्कोहोलमधलं ३ टक्के बेन्झोट्रायझोल हे रसायन लावतात, त्याने तांब्यावर संरक्षक थर बसतो. ते विषारी आहे, हातमोजे हवेतच. वरून ॲक्रिलिक लॅकर.

पण याने आतलं क्लोराइड निघून जात नाही. त्यामुळे माझ्या मते सगळ्यात मोठं औषध म्हणजे कोरडी हवा, शोकेसमधली ह्युमिडिटी ४० टक्क्यांच्या खाली, जमलं तर ३५. आपल्याकडे जुलैत बाहेर ८०-९० असते, रात्री एसी बंद केला की हॉलमध्येही वाढते, म्हणून शोकेस हवाबंद लागते, आत ओल शोषणारं सिलिका जेल ठेवतात आणि त्याचा रंग बदलला की ओव्हनमध्ये वाळवून परत आत.