बाबांची सही कुठंय?

मंडळी, गेल्या रविवारी आपल्या मराठी शाळेत नऊ वर्षांच्या एका मुलीने एक प्रश्न विचारला. तिची आई मे महिन्यात इथल्या कौन्सिलवर, म्हणजे इंग्लंडमधल्या स्थानिक स्वराज्य संस्थेवर निवडून आली. कौन्सिलच्या वेबसाइटवर आईच्या नावापुढे बाबांची नोकरी, घर, शेअर्स असं सगळं तिने वाचलं आणि म्हणाली, "बाबांचं एवढं लिहिलंय, मग बाबांची सही कुठंय?"

सही नाहीच. त्या फॉर्मवर निवडून आलेल्या माणसाचीच सही लागते.

इंग्लंडमध्ये २०११ च्या लोकॅलिझम कायद्याप्रमाणे सदस्य झाल्यापासून २८ दिवसांत आपले आणि जोडीदाराचे आर्थिक हितसंबंध मॉनिटरिंग ऑफिसरकडे, म्हणजे ही नोंद सांभाळणाऱ्या कौन्सिलच्या अधिकाऱ्याकडे नोंदवावे लागतात. जोडीदाराची नोकरी कुठली ते सांगायचं, पगार नाही. घर-जमीन फक्त कौन्सिलच्या हद्दीतली. कोथरूडचा फ्लॅट त्यात येत नाही, पण इथे दोन गल्ल्या सोडून भाड्याने दिलेलं घर येतं, आणि नेमकं तेच राहून जातं. शेअर्स तेव्हाच, जेव्हा कंपनीची जागा किंवा व्यवसाय हद्दीत आहे आणि शेअर्सची दर्शनी किंमत २५,००० पौंडांवर किंवा हिस्सा भांडवलाच्या शंभराव्या भागाहून जास्त आहे. नवऱ्याची केटरिंग कंपनी कौन्सिलला जेवण पुरवत असेल, तर ते चालू कंत्राटही लिहायचं. त्या कंत्राटाचा विषय बैठकीत निघाला, तर चर्चेत बोलायचं नाही, मतही द्यायचं नाही. सबळ कारणाशिवाय हे मोडलं तर दंड होतो, आणि न्यायालय पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतं.

कायद्यात एक बारीक अट आहे. जोडीदाराची गोष्ट सदस्याला ठाऊक असेल, तरच ती नोंदवायची. त्यावर आपल्यातले काही जण सल्ला देतात, "मग विचारूच नका." मंडळी, हा सल्ला देऊ नका. उमेदवारीचा अर्ज भरण्याआधी एक संध्याकाळ दोघांनी समोरासमोर बसायला हवं. घराचे कागद, कंपनीतली भागीदारी, कंत्राटं टेबलावर ठेवायची आणि "हे लोकांना दिसणार आहे, चालेल?" असं विचारायचं. निवडून आल्यावर विचारलं, तर तो प्रश्न राहत नाही. ती फक्त सूचना होते.

तिकडे भारतात नमुना २६, म्हणजे उमेदवाराने अर्जासोबत द्यायचं प्रतिज्ञापत्र, याहून खोल जातो. २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून मतदाराला हे जाणण्याचा हक्क मिळाला. जोडीदाराचं पाच वर्षांचं उत्पन्न, ठेवी, कर्ज, दागिन्यांचं वजन आणि किंमत, सरकारी कंत्राटं, सगळं उमेदवार शपथेवर सांगतो. २०१३ च्या निकालानंतर रकाना कोरा ठेवता येत नाही. निवडणुका आल्या की आपल्या ग्रुपवर काय फिरतं? बाईंच्या सोन्याचा रकाना. त्याच कागदावरचा कंत्राटांचा रकाना कोणी पाठवत नाही, आणि सार्वजनिक कामाशी संबंध असतो तो त्याचाच.

अरुणाचलमधल्या तेझूच्या आमदाराची २०१९ ची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली होती. पत्नीची जुनी स्कूटर आणि व्हॅन, मुलाची मोटरसायकल प्रतिज्ञापत्रात नव्हती. गाड्या कधीच दुसऱ्यांकडे गेल्या होत्या, पण नोंदणीवरची नावं तीच राहिली होती. ९ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निवड कायम केली आणि म्हटलं की उमेदवारीशी संबंध नसलेल्या गोष्टींबाबत उमेदवारालाही खासगीपणाचा हक्क आहे. हे फार महत्त्वाचं आहे. पण तो हक्क उमेदवाराचा झाला. स्कूटर जिच्या नावावर होती, तिचं काय?

इथल्या, म्हणजे इंग्लंडच्या लोकॅलिझम कायद्यात कलम ३२ आहे. हिंसेची किंवा धमकावणीची भीती असेल, तर तपशील जाहीर नोंदीतून वगळता येतो. मात्र अर्ज सदस्याने करायचा, आणि मॉनिटरिंग ऑफिसरला ते पटलं पाहिजे.

मग जोडीदाराची सही सक्तीची करावी का? मला आधी सोपं वाटलं होतं. पण सही लागली, की ती नाकारताही येते. बायकोने उभं राहू नये असं वाटणारा नवरा कागद नुसता टेबलावर पडू देईल. विभक्त राहणाऱ्या जोडप्यांत तर एका सहीवर समोरच्याचं सगळं राजकारण अडेल. आणि सही नको म्हटलं, तर त्या मुलीला काय सांगायचं? पुढच्या रविवारी ती पुन्हा शाळेत येणार आहे.