न गोठणाऱ्या गावातलं अँटीफ्रीझ

नमस्कार श्रोतेहो.

होळी जवळ आली की आपल्या नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. जुन्या ताट्या काढायच्या, नव्या बसवायच्या, टाकी घासायची, पंप चालतो का ते पाहायचं. माणसांच्या उन्हाळ्याची तजवीज होते. दारातल्या गाडीकडे मात्र लक्ष जातं ते थेट मे महिन्यात, वर्धा रोडवर भर दुपारी बोनेटमधून वाफा निघायला लागल्यावर. म्हणून आज, ऊन तापायच्या आधी, गाडीतल्या कूलंटबद्दल बोलू या. जुनं का काढायचं, नवं कसं भरायचं, आणि काढलेल्याचं काय करायचं.

या कूलंटच्या डब्यावर बहुतेक वेळा अँटीफ्रीझ असंही छापलेलं असतं, म्हणजे गोठू न देणारं. ते वाचून आपल्याकडचा माणूस हसतो. नागपुरात काय गोठणार? २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांवर आला होता, तेव्हासुद्धा अंगणातल्या बादलीतलं पाणी पाणीच राहिलं. आणि उन्हाळ्याचं म्हणाल तर २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद आहे. २०२४ च्या मे मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्राने तर ५६ अंश दाखवले. नंतर तो यंत्राचा दोष निघाला, पण ज्यांनी त्या दुपारी स्टिअरिंगला हात लावला होता त्यांना आकडा खरा वाटला असणार! तर अशा गावात मिस्त्री सहज सांगून जातो, "भाऊ, कूलंट काहून टाकता? पाणी टाका, काही होत नाही." आणि खरंच, पहिले काही महिने काही होत नाही. तिथंच माणूस फसतो.

कूलंटमध्ये मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल असतं. पाण्यात निम्मं मिसळलं की ते मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खालीपर्यंत गोठत नाही. लडाखला जाणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं. आपल्या कामाची दुसरी बाजू. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, हे मिश्रण साधारण १०७ ला. त्यावर रेडिएटरच्या झाकणाचा दाब येतो, हवेच्या दाबापेक्षा सुमारे एक बार जास्त, आणि उकळण्याची पातळी १२५ च्या पुढे जाते. ते झाकण दिसायला साधं, पण त्याचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि चांगलं कूलंटही उकळायला लागतं. कूलंट बदलताना झाकणाचं रबर आणि स्प्रिंग जरूर पाहा.

तरी मी म्हणेन, उकळण्यापेक्षा गंजाची गोष्ट मोठी आहे. इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक कधी बिडाचा तर कधी अॅल्युमिनियमचा, रेडिएटरही आता अॅल्युमिनियमचाच, वॉटर पंपाची पाती कुठे लोखंडी तर कुठे प्लास्टिकची. असे वेगवेगळे धातू एकाच गरम पाण्यात बुडून असले की गंज धरणारच. कूलंटमधली रसायनं धातूवर पातळ थर धरून त्याला आवर घालतात. ती रसायनं वापरात खर्च होतात, ग्लायकॉलही हळूहळू आंबट होत जातं, म्हणून कूलंट बदलावं लागतं. नुसतं वरून भरत राहून भागत नाही.

आणि पाणी कुठलं, हाही प्रश्न आहेच. नळाला पेंचचं किंवा कन्हानचं पाणी येतं, बऱ्याच वस्त्यांत जोडीला बोअरचं. बोअरच्या पाण्याने कूलरच्या ताट्यांवर पांढरी खरबरीत पुटं चढतात, ती तुम्ही दरवर्षी पाहता. तशीच पुटं रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतात. ताटी बदलता येते, नळी आतून घासता येत नाही. म्हणून डिस्टिल्ड वॉटरच वापरायचं. पाच लिटरचा कॅन बॅटरीच्या दुकानात मिळतो, आणि त्याची किंमत रेडिएटरच्या किमतीपुढे काहीच नाही.

आता प्रत्यक्ष काम. सकाळी करा. सकाळी म्हणजे गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, इंजिनाला हात लावला तर थंड लागेल तेव्हा. गरम इंजिनावर झाकण उघडलं तर दाबाखालचं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. रस्त्यात गाडी तापली तेव्हा झाकणावर फडकं टाकून पिळायचा जो उद्योग लोक करतात, तो कुणी कितीही खात्रीने करून दाखवला तरी करू नका.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा. खाली पसरट टब ठेवा. रेडिएटरच्या तळाशी एका कोपऱ्यात प्लास्टिकचा छोटा नळ असतो. तो हलक्या हाताने सोडायचा, कारण जुन्या प्लास्टिकवर पक्कड लावली की तुकडा हातात येतो. काही गाड्यांना हा नळ नसतोच, तिथे खालच्या जाड रबरी पाइपाची क्लिप सरकवून पाइप काढावा लागतो. मग वरचं झाकण उघडा, धार जोर धरते. बाजूची प्लास्टिकची टाकीही रिकामी करा. तिच्या तळाचा गाळ सगळे विसरतात.

जे बाहेर येतं ते नीट पाहा. हिरवं, गुलाबी किंवा निळं आणि स्वच्छ असेल तर ठीक. चहासारखं तांबूस आलं तर आत गंज आहे. वर तेलाचा तवंग किंवा दुधाळ फेस दिसला तर काम तिथंच थांबवा: हेड गॅसकेटमधून, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधल्या पातळ पट्टीतून, तेल आणि पाणी एकत्र येत असण्याची शक्यता आहे, आणि नवं कूलंट भरून तो रोग जाणार नाही.

रंगाचं एक सांगतो. हिरव्यात हिरवं आणि लालात लाल, असा हिशेब लोक लावतात. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो, आतली रसायनं निराळी असू शकतात, आणि भलत्या दोन जातींची सरमिसळ झाली तर त्यांचं आयुष्य घटतं, कधी आत चिकट गाळही धरतो. गाडीच्या पुस्तिकेत जात लिहिलेली असते, तीच घ्या. मुदतही तिथेच पाहा. जुन्या पद्धतीची कूलंट साधारण दोन वर्षं टिकतात, नवी दीर्घ मुदतीची पाच वर्षं किंवा त्याहून जास्त.

टब भरला की लगेच झाकण असलेल्या कॅनमध्ये ओता. हे मी घाईने सांगत नाही, जरा थांबून सांगतो. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात लोक फाटकाबाहेर गाईसाठी टाकं ठेवतात, पाखरांसाठी झाडाला वाडगं बांधतात, कारण जनावर तहानेनं व्याकूळ झालेलं असतं. असं तहानलेलं कुत्रं तुमच्या टबातलं हिरवं पाणी पिणारच. पोटात गेलेल्या ग्लायकॉलचं शरीरात आम्ल होतं, मूत्रपिंडात ऑक्सॅलेटचे स्फटिक साचतात, आणि लहान कुत्र्याला किंवा मांजरीला अगदी थोडं पुरतं. आधी ते झिंगल्यासारखं चालतं, मग बरं झाल्यासारखं वाटतं, आणि त्यानंतर मूत्रपिंडं बंद पडतात. मधल्या बऱ्या वाटण्यावर जाऊ नका; जनावर असेल तर लगेच पशुवैद्याकडे न्या, सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मूल असेल तर त्याच क्षणी मेडिकल किंवा मेयो रुग्णालय गाठा आणि काय प्यायलं ते डबा दाखवून सांगा. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतो. जमिनीवर सांडलेलं भरपूर माती टाकून टिपून घ्या, ती माती पिशवीत भरा आणि मगच जागा धुवा.

पुढे धुलाई. नळ बंद करा, डिस्टिल्ड वॉटर भरा, गाडीचा हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि इंजिन चालू करा. हीटरची जाळी याच पाण्याच्या वाटेवर असते. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, साधारण ८५-९० अंशांना उघडतो. वरचा पाइप गरम झाला की समजा पाणी सगळीकडे फिरलं. इंजिन बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा सोडा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच.

थर्मोस्टॅटचा विषय निघालाच आहे. आपल्याकडे गाडी गरम होऊन राहिली की अनेक मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतात, कशाला हवा म्हणून. मला हे पटत नाही. इंजिनाला ठरावीक उष्णता लागते. ती मिळाली नाही तर पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. बिघडला असेल तर नवा टाका.

भरताना एक हिशेब चुकतो, तो समजून घ्या. समजा गाडीत एकूण पाच लिटर मावतं. सोडलं तेव्हा तीनच लिटर बाहेर आलं; उरलेलं दोन लिटर इंजिनाच्या पोटात राहतं, आणि धुतल्यामुळे ते आता नुसतं पाणी आहे. त्यावर तुम्ही तीन लिटर तयार मिश्रण, म्हणजे निम्मं कूलंट निम्मं पाणी, ओतलं तर एकूण पाचात कूलंट दीडच लिटर झालं. तीस टक्के. म्हणून धुतल्यावर न मिसळलेलं घट्ट कूलंट घ्या: आधी अडीच लिटर ते, मग वर डिस्टिल्ड वॉटर. नुसतं घट्ट कूलंट भरणंही चूक. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे, त्यामुळे ज्यादा घट्ट केलं तर इंजिन कमी थंड होतं.

हळूहळू ओता, घाईने ओतलं की हवा अडकते. काही गाड्यांना हवा काढायचा स्क्रू असतो, तो सैल करून ठेवा. बुडबुड्यांशिवाय धार आली की घट्ट करा. मग झाकण उघडंच ठेवून इंजिन चालू करा, हीटर गरमवर. पातळी खाली जाईल तशी भरत राहा, पण पाणी तापून वर यायला लागलं की झाकण लावा. डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येत असेल, किंवा तापमानाचा काटा वर आणि हीटरची हवा मात्र थंड, तर आत हवा आहे. हाच हीटर रस्त्यात गाडी तापली तरी कामी येतो: एसी बंद, हीटर पूर्ण चालू, खिडक्या उघड्या. मे महिन्यात चिखलदऱ्याच्या घाटात हे करायला जीव नको होतो, पण इंजिनाची बरीच उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. तरीही काटा उतरला नाही तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा, आणि तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेड वाकतं.

कॅनमधलं जुनं कूलंट गटारीत किंवा नाल्यात ओतायचं नाही. नाग नदीत आधीच पुष्कळ जातं. तुमच्या गॅरेजवाल्याला विचारा, तो ते वेगळं जमा करून विल्हेवाटीला देतो का. जो देतो, त्याच्याकडेच गाडी न्या.

पुढचे दोन-तीन दिवस सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, टाकीची पातळी पाहा. मिन आणि मॅक्स अशा दोन रेघा असतात, त्यांच्यामध्ये असली पाहिजे. एकदा थोडी उतरली तर अडकलेली हवा निघाली. भरा आणि विसरा. रोजच उतरत असेल आणि खाली थेंबही दिसत नसेल, तर वरून भरत बसू नका. कूलंट आतल्या आत कुठेतरी जातं आहे. समृद्धीवर निघायच्या आधी ते शोधून घ्या.

नमस्कार.