वळणारं पिल्लू आणि आपलं घर

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मेंढपाळ जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आपल्या घराला मानवेल का?’ मानवेल हा शब्द मला आवडला. हवा मानवते, पाणी मानवतं, औषध मानवतं किंवा मानवत नाही. मानवलं नाही की खापर आपण नेहमी हवेवरच फोडतो.

आधी जरा हात वर करा. बॉर्डर कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, मॅलिनॉय, असं काही घरात आहे असे किती जण? दहा-बारा. आणि घ्यायचा विचार आहे असे? अरे वा. आता पहिल्या गटातली मंडळी दुसऱ्या गटाकडे कशी बघतायत, ते जरा बघून घ्या. माझं निम्मं भाषण त्या नजरेत आहे.

आपल्या भाषेत दोन क्रियापदं आहेत, राखणं आणि वळणं. कळप राखणारा कुत्रा वेगळा. तो मेंढ्यांमध्येच लोळत असतो, लांडगा आला तर उठतो. कळप वळणाऱ्या कुत्र्याला लांडग्याशी देणंघेणं नाही. मेंढ्या विखुरल्यात, त्या एकत्र आणायच्या आणि धन्यानं सांगितलेल्या बाजूला न्यायच्या, एवढंच त्याच्या डोक्यात. लोक या दोघांची सरमिसळ करतात आणि ‘घराची राखण होईल’ म्हणून वळणारं पिल्लू आणतात. मग घराची राखण होत नाही, घर वळलं जातं. (अशा पिल्लाला वळण लावणं, हा विनोद मी करणार नाही. तो मागच्या वेळी करून झालाय.)

हे वळणं आलं कुठून? शिकारीतून. लांडग्याची शिकार म्हणजे एक साखळी असते. आधी हेरायचं, मग नजर लावायची, दबा धरत जायचं, पाठलाग, पकड आणि शेवटी जीव घेणं. रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या अभ्यासक दांपत्यानं हे फार नेटकं मांडलंय. बॉर्डर कॉलीत माणसानं निवडीनं या साखळीचा सुरुवातीचा भाग फुगवला आणि शेवटचा दाबला. कॉर्गी किंवा ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग हे गुरं हाकणारे, त्यांच्यात टाचेला तोंड लावण्यापुरती पकड मुद्दाम शिल्लक ठेवली. म्हणजे तुमचं पिल्लू धावत्या मुलाच्या टाचेला चावतं तेव्हा ते बिघडलेलं नसतं. ते पिढ्यान्‌पिढ्यांचं शिक्षण म्हणून दाखवत असतं.

आजच्या बॉर्डर कॉलीचा मूळपुरुष मानतात तो ओल्ड हेम्प. 1893 साली इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थम्बरलंडमध्ये ॲडम टेल्फर नावाच्या पशुपालकाकडे जन्मला. त्याची ख्याती काय होती? खूप पळायचा म्हणून नव्हे. तो भुंकत नसे, दाणादाण उडवत नसे. नुसता बघायचा आणि मेंढ्या हलायच्या. म्हणून लोकांनी त्याच्याकडून पिल्लं करून घेतली, दोनशेच्या वर. पुढे 1906 साली इंटरनॅशनल शीपडॉग सोसायटी निघाली, कुत्र्यांची वंशावळ ठेवली जाऊ लागली, आणि जवळपास सगळ्या धाग्यांच्या मुळाशी हा हेम्प. तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी गेली दहा वर्षं मिळेल त्या सभेत सांगत आलेय, की या कुत्र्यांमध्ये जास्तीचं आहे ते लक्ष. ताकद नंतर. तुमच्याकडे मैदान आहे का, हा प्रश्न दुय्यम. घरातल्या प्रत्येकाच्या प्रत्येक हालचालीवर कुणीतरी पाळत ठेवलेली तुम्हाला सोसेल का, ते बोला.

आता आमच्या शांतारामची गोष्ट. पिल्लू फार चळवळं म्हणून आम्ही शुभेच्छा दिल्यासारखं हे नाव ठेवलं. नावाचा काही उपयोग झाला नाही.

शांताराम सव्वा वर्षाचा असताना माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फिजिओथेरपिस्टनं सांगितलं होतं, वॉकर घेऊन हॉलपासून आतल्या खोलीपर्यंत रोज दहा फेऱ्या. पहिले तीन दिवस दहा झाल्या. मग सहा, मग चार. फिजिओथेरपिस्ट येऊन रागवायची, ‘आजी, मनावर घ्या.’ आम्हीही कुजबुजायला लागलो की आईंनी हाय खाल्ली. माझ्या नवऱ्यानं त्यांना बसवून जिद्द या विषयावर वीस मिनिटं ऐकवलं. आई शांतपणे ऐकून घेत होत्या.

एक दिवस मी घरून काम करत होते, दार अर्धं उघडं. बघते तर आई निघाल्या वॉकर टेकत. शांताराम हॉलमधून उठला. त्यांच्या मागे नाही गेला, भिंतीकडेनं लांबून वळसा घालून पुढे आला आणि पॅसेजच्या तोंडाशी पोटावर बसला. हनुवटी फरशीला, एक पाय पुढे, मागचा भाग किंचित उचललेला. शेपूट खाली, हलत नव्हती. भुंकला नाही, गुरगुरला नाही. नुसता बघत राहिला. आई थांबल्या, ‘बरं बाबा’ म्हणाल्या, वॉकर फिरवला आणि हॉलमध्ये परत येऊन बसल्या. हा उठला, आला आणि समाधानानं आडवा झाला. कळप एका जागी!

मी म्हटलं, ‘आई, सांगायचं नाही का?’ तर म्हणाल्या, ‘अगं, तो काही करत नाही. नुसता बघतो. मला वाटलं पुढे काहीतरी सांडलं असेल, म्हणून अडवतोय.’

दोन आठवडे आम्ही त्या बाईच्या जिद्दीवर बोलत होतो. ती बिचारी वळली जात होती. तेव्हा माझ्या डोक्यात बाकीचंही जुळलं. हा रात्री पॅसेजमध्ये नेमका अशा जागी का झोपतो, जिथून तिन्ही खोल्यांची दारं दिसतात? नवरा हॉलमध्ये आणि मुलं आत असली की याला झोप का लागत नाही? सगळे एका खोलीत आले की पाच मिनिटांत घोरायला कसा लागतो? मी नवऱ्याला म्हटलं, तुझी आई सुटली, आता तू आईची माफी माग. त्यानं मागितली. थोडक्यात मागितली.

आता माझी तक्रार. ज्यानं आम्हाला पिल्लू दिलं त्यानं एकच मंत्र दिला होता, ‘दमवा. दमलं की सुधारतं.’ हा मंत्र तुम्हालाही कुणी ना कुणी दिलेला असणार. नवरा पहाटे उठून त्याला घेऊन पळायला लागला. पाच किलोमीटर, मग आठ, मग संध्याकाळी पुन्हा पाच. वर्षभरात नवऱ्याचं वजन नऊ किलो उतरलं आणि शांतारामला आठ किलोमीटर म्हणजे नुसतं अंग मोकळं करणं वाटायला लागलं. आम्ही त्याला दमवत नव्हतो, त्याची तयारी करून घेत होतो. धावून घरी आला की शरीर तापलेलं, डोकं रिकामं, आणि नजर कामाच्या शोधात.

ते काम त्याला माझ्या मनगटावर सापडलं. घड्याळाच्या काचेवरून उन्हाचा कवडसा भिंतीवर पडला आणि हा त्यामागे धावला. मुलं हसली. मुलांनी मग लेझरचा लाल ठिपका आणला. आम्ही सगळे हसलो, मी पण. महिन्याभरात हा तासन् तास भिंतीकडे बघत बसायला लागला. घरचे लोक समोर असूनही दिसेनात, हाक ऐकू येईना. कवडसा हा असा कळप आहे की जो कधीच गोळा होत नाही, म्हणून ते काम संपतही नाही. पशुवैद्यांच्या सल्ल्यानं ते कमी व्हायला दीड वर्ष गेलं. लेझर फेकून दिलं. घड्याळ अजून कपाटात आहे, आणि म्हणूनच वेळ किती झाला हे मला आयोजकांनी चिठ्ठी पाठवून सांगावं लागतं. आली चिठ्ठी. सात मिनिटं. म्हणजे विषय आता सुरू करायला हवा.

चेसरबद्दल दोनच वाक्यं, कारण ते नाव कुणीतरी काढतंच. चेसर या बॉर्डर कॉलीला 1,022 खेळण्यांची नावं येत होती, 2011 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. लोक हा आकडा ऐकून पिल्लू आणतात. पण तिला शिकवणारे जॉन पिली हे निवृत्त प्राध्यापक होते आणि तीन वर्षं रोज चार-पाच तास तिच्याबरोबर बसत होते, हे कुणी ऐकत नाही.

तर निर्णय. भराभर सांगते. रविवारी सकाळी आपण काय करू, यावरून ठरवू नका. मंगळवारी दुपारी तीन वाजता घरात कोण आहे, त्यावरून ठरवा. सलग आठ-नऊ तास कुलूप असेल तर ही जात नको. घरात सहा वर्षांच्या आतली दोन-तीन धावणारी मुलं असतील तर निदान दोन वर्षं थांबा. घर आवाजी असेल, सतत माणसं ये-जा करत असतील, तर नीट विचार करा. यातल्या पुष्कळ कुत्र्यांना आवाजाचा फार त्रास होतो.

पिल्लू बघायला गेलात की पिल्लाकडे कमी बघा, आईकडे बघा. अनोळखी माणूस आल्यावर ती जवळ येते की कोपरा धरते? आईबाप शेतावर काम करणाऱ्या घराण्यातले आहेत की प्रदर्शनाच्या? कामाच्या घराण्यातलं पिल्लू साधारणपणे जास्त तिखट निघतं. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात त्याला जग दाखवून घ्यायचं असतं, तो काळ परत येत नाही. अंगावर संगमरवरासारखे शिंतोडे असतात त्याला मर्ल म्हणतात. आईबाप दोघेही मर्ल असतील तर साधारण चारातल्या एका पिल्लाला ते जनुक दुहेरी मिळतं आणि ते बहिरं किंवा आंधळं असण्याची भीती मोठी. अशा ठिकाणाहून उठून या. कॉली (ही बॉर्डर कॉलीहून वेगळी जात) आणि ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये एमडीआर1 नावाचा जनुकदोष आढळतो, त्यात आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधासारखी काही औषधं जास्त मात्रेत बाधतात. तपासणी होते, करून घ्या.

पहिले काही महिने हे पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपायला हवं. झोपत नसेल तर त्याला जास्त पळवू नका, अंधाऱ्या शांत खोलीत ठेवा. हाडं वाढत असतात, वर्ष-सव्वा वर्षापर्यंत लांब पल्ल्याचं धावणं आणि उंच उड्या नकोतच; आम्ही केलेली ही दुसरी चूक. शिकवायचं ते चटईवर पडून राहायला. मुलं खेळतायत, तू चटईवर. दाराची बेल वाजली, तू चटईवर. आणि रोज दहा मिनिटं वास घेऊन वस्तू शोधायला लावा. आमच्याकडे आठ किलोमीटरनं जे झालं नाही ते या दहा मिनिटांनी झालं. सहा ते अठरा महिन्यांचा काळ वाईट असतो, तो धरूनच होय म्हणा. आणि पिल्लूच हवं असं काय आहे? कुणीतरी सोडून दिलेला दोन-तीन वर्षांचा कुत्रा घ्या. तो कसा आहे ते समोर दिसतं.

अध्यक्ष उठले. एकच राहिलं. तिसऱ्या रांगेतल्या त्या दोघांनी मघाशी बाहेर सांगितलं की पिल्लू सांगून ठेवलंय, फोटो पण दाखवला. गोड आहे. त्याची आई पाहिलीत का? नाही? मग पैसे देऊ नका अजून. या शनिवारी जा, तिच्याजवळ तासभर नुसते बसा, आणि ती तुमच्याकडे कशी बघते ते मला कळवा.