चित्रातली इमारत, कागदावरचा बदल

[दृश्य: मोकळा प्लॉट. कुंपणावर सूचनेचा फलक.]

बारीक अक्षरं, प्लॉटचा क्रमांक, सुनावणीची तारीख. एका कुटुंबाच्या घरासाठी राखलेल्या जमिनीवर अनेक सदनिकांची इमारत बांधायची आहे, म्हणून झोन, म्हणजे त्या जमिनीवर काय बांधता येईल हे ठरवणारा वर्ग, बदलून मागितलाय. हरकती आणि सूचना मुदतीत द्याव्यात. फलकासमोरून रोज जाणारे लोक आज पहिल्यांदाच थांबून वाचतायत.

[दृश्य: सभागृह. पडद्यावर इमारतीचं रंगीत चित्र.]

आर्किटेक्टच्या चित्रात लख्ख ऊन पडलंय, झाडं पूर्ण वाढलेली आहेत आणि रस्त्यावर एकच गाडी. मग माइक लोकांकडे येतो. गाड्या कुठे लावणार? आत्ताच पाणी तुंबतं, पुढे काय? आमच्या अंगणातलं ऊन जाणार का? घराची किंमत पडली तर? आणि ठरलेलं वाक्य: आमचा इमारतीला विरोध नाही, पण इथे नको.

त्या वाक्याला हसणं सोपं आहे. पण सगळ्या हरकती एकाच तागडीत तोलता येत नाहीत.

पाण्याचंच घ्या. मातीचं अंगण पाऊस मुरवून घेतं. छप्पर आणि काँक्रीट तो लगेच सोडून देतात. पाऊस तेवढाच, पण गटारात एकदम उतरतो. आणि तिथली पाइप जुन्या, विरळ वस्तीच्या हिशेबाने टाकलेली. ‘पाणी तुंबेल’ असं नुसतं म्हटलं, तर ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर मिळतं. पाणी अडवून हळूहळू सोडणारी टाकी किती लिटरची, ती साफ कोण करणार, असं विचारलं की इंजिनिअरला आकडे काढावे लागतात.

सावलीची तक्रार तर झोनिंगइतकीच जुनी. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली आणि आसपासच्या इमारतींचा उजेड गेला. पुढच्याच वर्षी शहराने नियम केला: उंच जायचं असेल तर वरचे मजले मागे सरकवा.

[दृश्य: जुने नकाशे, एकेका भागाला वेगळा रंग.]

पण उजेड-वाऱ्याच्या भाषेत दुसरंही काही बोललं जात होतं. वंशावरून वस्त्या वेगळ्या ठेवणारा लुइव्हिल शहराचा नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये रद्द केला. घराच्या प्रकारावरून वस्त्या वेगळ्या ठेवणं मात्र वैध राहिलं. युक्लिड नावाच्या गावाच्या झोनिंगवरच्या १९२६ च्या खटल्यात त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती सदरलँड यांनी अशा वस्तीतल्या सदनिकांच्या इमारतीला चक्क परोपजीवी म्हटलं: शेजारच्या मोकळ्या जागेवर जगणारी. आज कुणी तो शब्द वापरत नाही. ‘वस्तीचं स्वरूप बिघडेल’ म्हणतात.

सभागृहात नसतो तो त्या इमारतीत पुढे राहायला येणारा माणूस. आपण तिथे राहणार आहोत, हे त्याला अजून माहीतच नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या अशा सभांची इतिवृत्तं अभ्यासकांनी तपासली, तेव्हा बोलणाऱ्यांत वयस्कर आणि घरमालक यांचं प्रमाण आम मतदारांपेक्षा जास्त निघालं. बहुतेक जण विरोधातच बोलले होते.

काही शहरांनी म्हणून प्लॉटगणिक भांडण सोडून नियमच बदलला. ऑकलंडने २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर जास्त घरांना वाव दिला आणि बांधकाम खरोखर वाढलं. अमेरिकेतल्या मिनियापोलिसने २०१८ मध्ये एका घराच्या प्लॉटवर तीन घरांपर्यंत परवानगी देणारा आराखडा मंजूर केला.

[दृश्य: पुन्हा सभागृह. मतदानाची तयारी.]

पण जिथे अजून एकेका प्लॉटचा निर्णय होतो, तिथे एक गोष्ट गर्दीत निसटते. मंजुरी चित्राला मिळत नाही, जमिनीच्या वर्गाला मिळते. उद्या बिल्डरने प्लॉट विकला, तर नवा झोन जमिनीसोबत जातो; ते चित्र, ती झाडं, ती एकटी गाडी मागे राहते. नवा मालक त्या झोनमध्ये बसेल ते बांधू शकतो. दोन तास गच्चीच्या रंगावर वाद घालणाऱ्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

मुरलेले शेजारी म्हणूनच मतदानाआधी अटींवर येतात. जिथे कायदा झोन-बदलाला अटी जोडू देतो, तिथे त्या ठरावात लिहून मागतात: उंची किती, मागच्या कुंपणापासून अंतर किती, कचऱ्याची गाडी कुठून वळणार. शेवटच्या प्रश्नावर सभागृहात हशा पिकतो. पण त्या गाडीचा रिव्हर्सचा भोंगा रोज पहाटे ज्याच्या खिडकीखाली वाजणार आहे, तो माइक सोडत नाही. उत्तर ठरावात घ्या, म्हणतो.