खडकसंगीत, भाड्याची वाद्यं आणि सव्वासहा सेंट

(वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि एवढ्या पावसातही आलेल्या मंडळींनो, आधी पत्रिकेविषयी. मी विषय कळवला होता 'ब्रिटिश रॉकमधला एक कारागीर'. छापून आलंय 'ब्रिटिश खडकसंगीत'. त्यामुळे तिसऱ्या रांगेत दोन गृहस्थ भूगर्भशास्त्रातले बसलेले दिसताहेत. (हशा) त्यांनी उठू नये. दगडफेक आमच्या गोष्टीतही आहे.

मला चाळीस मिनिटं दिली आहेत. सांगायचं एवढंच आहे की गाणं गाजलं की आपण गाणाऱ्याला डोक्यावर घेतो; पण ते ज्याने रचलं त्याचा हिशोब वेगळ्या वहीत चाललेला असतो. ती वही आज मी उघडून दाखवणार आहे, आकड्यांसकट. त्याआधी माणूस कोण ते सांगतो.

निक लो. ऐकलंय हे नाव कोणी? हात वर करा. चार. त्यातला एक माझा भाचा, म्हणजे तीन.

जन्म १९४९, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातला. वडील हवाई दलात, त्यामुळे लहानपण बदल्यांमध्ये गेलं. जॉर्डन, सायप्रस वगैरे. पुढे हा बास गिटार घेऊन एका बँडमध्ये आला. बँडचं नाव ब्रिन्स्ली श्वार्त्झ. हे त्यांच्या गिटारवाल्याचंच नाव होतं. म्हणजे गाणी बरीचशी लिहिणार लो, गाणार लो, आणि पाटीवर नाव शेजाऱ्याचं! आपल्याकडे दुकानांच्या भागीदारीत असं चालतं.

आता किस्सा. हा मी जिथे जातो तिथे सांगतो, घरच्यांना पाठ आहे. हिने मघाशीच पर्समधून स्वेटर विणायला काढलाय. (हशा)

१९७० साल. या पोरांना कोणी ओळखत नव्हतं. त्यांना सांभाळणाऱ्या मंडळींच्या कंपनीचं नाव होतं 'फेमपुशर्स', म्हणजे प्रसिद्धी ढकलणारे. त्यांच्या डोक्यात आलं की लंडनमध्ये दारोदार हिंडण्यापेक्षा थेट न्यूयॉर्क गाठावं. तिथलं फिलमोर ईस्ट हे थिएटर म्हणजे त्या काळची काशी. तिथे आपल्या पोरांना व्हॅन मॉरिसन या नावाजलेल्या गायकाच्या आधी उभं करायचं, आणि ते बघायला इंग्लंडमधून पत्रकारांचं विमानच भरून न्यायचं. शंभराहून अधिक वऱ्हाडी. खर्च एक लाख वीस हजार पौंड झाला असं सांगतात. १९७० चे पौंड हं!

लग्नात काय होतं ठाऊक आहे ना? मुलाकडचे सगळे वेळेवर, फक्त नवरदेव कुठे ते कोणालाच माहीत नाही. इथे नवरदेवाचा व्हिसा अडला. काही दिवस आधी जाऊन तालीम करायचा बेत होता, तो पाण्यात. पोरं कॅनडात गेली, तिथून छोट्या विमानाने अमेरिकेत शिरली आणि कार्यक्रमाच्या दिवशीच कशीबशी थिएटरवर पोचली. वाजवायला वाद्यं भाड्याची. ज्याने कधी दुसऱ्याच्या तबल्यावर बैठक केली असेल त्याला विचारा काय होतं ते. गिटारचंही तसंच आहे. तारांची उंची वेगळी, मानेची जाडी वेगळी, आणि बोटांना सवय आपल्या घरच्या लाकडाची.

इकडे पत्रकारांच्या विमानाला तासन्‌तास उशीर. विमानातला बार फुकट. पत्रकार आणि फुकट बार. (हशा) पुढे बोलायला नको. विमानतळावरून लिमोझिन गाड्यांची रांग त्यांना घेऊन थिएटरवर आली तेव्हा निम्मे झोपेत होते आणि उरलेल्यांचं डोकं ठणकत होतं. पोरांनी वाजवलं. बरं वाजवलं की वाईट, याला अर्थ राहिला नव्हता. मायदेशी परतल्यावर वऱ्हाडाने जी काय दगडफेक केली! भूगर्भवाल्यांनो, हीच ती. पहिली तबकडी बाजारात आली तीही त्या माऱ्यात सापडली.

एवढी शोभा झाल्यावर दुसरा कोणी किराणा दुकान टाकता. ही पोरं लंडनबाहेर एका घरात एकत्र राहायला लागली आणि प्रसिद्धीचं नाव टाकलं. केंटिश टाउनमध्ये टॅली हो नावाचा पब होता. एका कोपऱ्यात बँड, चार हातांवर बिअरचे पेले. तिथे आणि तसल्याच पबांमध्ये ती वाजवत राहिली. त्यातून 'पब रॉक' म्हणून एक घराणंच उभं राहिलं. घराणं म्हटल्यावर समोर दोन भुवया वर गेल्या. जाऊ देत.

१९७५ मध्ये बँड फुटला. लोला आता तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या करारातून सुटायचं होतं, आणि कंपनी सोडेना. याने शक्कल लढवली. असं भिकार गाणं द्यायचं की त्यांनीच हाकलून द्यावं. त्या काळी बे सिटी रोलर्स नावाच्या बँडमागे शाळकरी मुली वेड्या झाल्या होत्या. त्यांच्या भक्तीचं एक लाडिक गाणं याने खोट्या नावाने करून दिलं. ते जपानमध्ये गाजलं! कंपनी म्हणाली, वा, आणखी एक द्या. (हशा) मी नोकरीत एकदा बदली टाळायला मुद्दाम गचाळ अहवाल लिहिला होता. साहेबांनी तो नमुना म्हणून सगळ्या शाखांना पाठवला. तेव्हापासून हा माणूस मला सख्ख्या भावासारखा.

अध्यक्ष घड्याळ बघताहेत. पळतो.

१९७६ मध्ये स्टिफ रेकॉर्ड्स नावाची तबकड्यांची कंपनी निघाली, चारशे पौंडांच्या उसनवारीवर. पहिली तबकडी लोची. खर्च पंचेचाळीस पौंड. न्यूयॉर्कचे एक लाख वीस हजार आठवा आणि हे पंचेचाळीस आठवा. मग तो तिथे घरचा निर्माता झाला, म्हणजे दुसऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित करून घेणारा. द डॅम्ड या बँडची 'न्यू रोझ' ही ब्रिटिश पंकची, म्हणजे रॉकच्या धसमुसळ्या अवताराची, पहिली तबकडी, ती याच्या हातची. एल्विस कॉस्टेलो या गायकाच्या पहिल्या पाच तबकड्याही याच्याच हातच्या. पहिली तर आठ ट्रॅकच्या एका चिंचोळ्या स्टुडिओत झाली, आपल्याकडे एवढ्या जागेत गिरणीवाला दळण दळतो. याचं टोपणनाव 'बॅशर'. म्हणजे आत्ता धडाधड वाजवून घ्या, रंगरंगोटी मागाहून.

आणि वात्रटपणा म्हणाल तर, इंग्रजीत लोच्या नावाच्या शेवटी 'ई' आहे. १९७७ मध्ये डेव्हिड बोवी या बड्या गायकाने 'लो' नावाची तबकडी काढली, त्यात 'ई' नव्हता. याने लगेच आपली छोटी तबकडी काढली, नाव 'बोवी', त्याच्या नावातला 'ई' गाळून. फिट्टंफाट.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे खरं व्याख्यान आता सुरू होतंय. (हशा)

१९७४ मध्ये, बँड मोडायच्या आधी, लोने एक गाणं लिहिलं होतं. शांती, प्रेम, समजूतदारपणा यांत हसण्यासारखं काय आहे, असं विचारणारं. चाललं नाही. १९७८ मध्ये कॉस्टेलोने ते गायलं. ते निघालं कुठे, तर लोच्या एका तबकडीच्या मागच्या बाजूला, आणि लेबलवर नाव 'निक लो अँड हिज साउंड'. गळा कॉस्टेलोचा, पाटी लोची! ब्रिन्स्लीचा हिशोब असा उलटा फिटला. लोकांना मात्र ते कॉस्टेलोचंच वाटत आलंय. लोचं स्वतःचं अमेरिकेत गाजलेलं गाणं एकच, १९७९ चं 'क्रूल टू बी काइंड'. लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ब्रिटनमध्ये बारावा नंबर, अमेरिकेतही बारावाच. दोन्हीकडे हे गाणं पहिल्या दहात नाही म्हणजे नाही.

आता १९९२. 'द बॉडीगार्ड' सिनेमाची कॅसेट आठवते? व्हिटनी ह्यूस्टन. रिक्षात, लग्नात, ब्युटी पार्लरमध्ये, सगळीकडे. माझी मेहुण्याने नेली आणि तीवर मुंजीतले मंगलाष्टक टेप करून परत दिली. तो विषय वेगळा. त्या कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर, मुंगीएवढ्या अक्षरात, कर्टिस स्टायगर्सने गायलेल्या एका गाण्याखाली नाव होतं लोचं. तेच १९७४ चं गाणं.

वही उघडा. अमेरिकेत तेव्हा विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे गाणं रचणाऱ्याच्या बाजूला कायद्याने ठरलेला दर होता सव्वासहा सेंट. गाणाऱ्याचे पैसे वेगळे. लोकांनी कॅसेट व्हिटनीसाठी घेतली, पण दर प्रत्येक गाण्याला लागतो, तुम्ही ते पुढे ढकलून टाकलंत तरी. एकट्या अमेरिकेत दीड कोटीच्या वर प्रती गेल्या. पूर्ण दराने धरलं तर नऊ लाख सदतीस हजार पाचशे डॉलर. त्यात प्रकाशकाची वाटणी आहे, बाहेरच्या देशांचं वेगळं आहे, ते आता करत नाही. आपल्याकडे सिनेमाच्या गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला वाटा लिहून देताच येऊ नये, ही तरतूद कायद्यात यायला २०१२ उजाडलं. त्यावर अर्धा तास बोलणार होतो. राहिलं.

लोने त्या पैशाचं काय केलं? कोणाच्या नादी न लागता, वय लपवायच्या भानगडीत न पडता, हळू आवाजातली गाणी आपल्या मनाने करायला लागला. १९९४ ची 'द इम्पॉसिबल बर्ड' ऐका. त्यात एक गाणं आहे, ते मुळात त्याने सासऱ्यांसाठी लिहायला घेतलं होतं. सासरे कोण? जॉनी कॅश, अमेरिकेतला बडा गायक! बायकोचे सावत्र वडील. गाणं पुरं व्हायला दहा-बारा वर्षं लागली, तोवर घटस्फोटही झाला होता. तरी सासऱ्यांनी गायलं. त्याच वर्षी.

दुसरी चिठ्ठी आली. यावर नुसतं 'चहा' लिहिलंय. (हशा) अध्यक्ष, ते १९७४ चं गाणं साडेतीन मिनिटांचं आहे, मूळ बँडचं, आणि पाणी उकळेपर्यंत तेवढा वेळ लागतोच. लावा हो, ती मधली वायर जरा दाबून धरा.